बाल्कनीतल्यांचे म्हणणे कोण सांगणार?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी कित्येक दशके शिकवली जात आहे. ती १९६० साली आली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. कथा १९३०च्या दशकातल्या अलाबामा राज्यातली. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप येतो. तिला झालेली मारहाण डावखुऱ्या माणसाची, असे खुणा सांगतात. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील हे सारे कोर्टापुढे मांडतो. तरीही ज्युरी टॉमला दोषी ठरवते. ज्युरीतले सगळे गोरेच.

पुरावा असूनही असा निकाल का, हा वर्गातला नेहमीचा प्रश्न. तो विचारायलाच हवा. पण आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्यापुढचा प्रसंग. अ‍ॅटिकस कोर्टाबाहेर पडतो, तेव्हा वरच्या बाल्कनीत, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेत बसलेले सगळे उठून उभे राहतात. गप्प. त्यांच्या मनात काय चालले आहे? ते कळत नाही, कारण गोष्ट सांगते अ‍ॅटिकसची लहान मुलगी स्काउट. टॉमची बायको हेलन तर जवळपास बोलतच नाही.

सहानुभूती वेगळी आणि स्वानुभव वेगळा, हा वाद आपल्याला नवा नाही. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आले, तेव्हापासून आपण तो घालत आहोत.

२०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत या कादंबरीची भाषा अस्वस्थ करते म्हणून ती आठवीच्या वर्गातून काढली गेली. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओत मात्र काही शिक्षकांनीच तिच्यात कृष्णवर्णीयांना आवाज नाही, असा आक्षेप घेतला. तिथे नववीसाठीची सक्ती गेली. शिकवायला बंदी नाही. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. पहिलीत अस्वस्थता टाळली आहे, दुसरीत प्रश्न विचारला आहे.

आमच्या मते पुस्तक वर्गात राहावे, पण एकटे नको. जोडीला मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) द्यावी. तिच्यात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत जुनी पाठ्यपुस्तके वाटली जातात. आतल्या तक्त्यात पुस्तक कुणाला दिले, त्याचा वंश कोणता आणि पुस्तकाची अवस्था कशी, याची नोंद. आधी गोऱ्या मुलांना, पार जीर्ण झाल्यावर यांना. सहा वर्षांचा मुलगा तो तक्ता वाचतो, पुस्तक जमिनीवर आपटतो आणि पायाने तुडवतो. शिक्षिका त्याला मारते. तीही कृष्णवर्णीयच.