पंक्चर टळेल, काळजी टळणार नाही

रात्रपाळी संपलेली, रस्ता सामसूम आणि मोटारसायकलचे मागचे चाक एकाएकी डगमगू लागलेले. पंक्चरवाल्याचे दुकान केव्हाच बंद झालेले. घरी मात्र सगळ्यांचे डोळे दाराकडे! उरला-सिलतराच्या पोलाद कारखान्यांतून रायपूर शहरात परतणाऱ्यावर हा प्रसंग कधीही येऊ शकतो. ज्या रस्त्यांवरून सतत लोखंडाची वाहतूक होते, तिथे एखादा खिळा किंवा तारेचा तुकडा पडलेला असला तर नवल ते काय?

म्हणूनच अनेकजण टायरमध्ये आधीच सीलंट भरून घेतात. हा एक दाटसर द्रव. त्यात बहुधा ग्लायकॉल, बारीक तंतू आणि रबराचे कण असतात. चाक फिरू लागले की तो टायरच्या आतून सगळीकडे पसरतो. छिद्र पडताच बाहेर निसटणारी हवाच त्याला छिद्रात ढकलते, तंतू आणि कण तिथे अडकतात आणि बूच बसते.

ट्यूबलेस टायरला हा उपाय चांगला मानवतो. ट्यूबच्या टायरमध्ये मात्र भरवसा कमी. कारण खिळ्याने ट्यूब फाटत गेली, तर द्रव ती सांधू शकत नाही. टायरच्या बाजूला गेलेली चीर किंवा मोठे भोक यांपुढेही त्याचे काही चालत नाही.

सीलंट भरताना आधी हवा सोडावी, वॉल्व्हची पिन काढावी आणि टायरच्या मापानुसार बाटलीवर दिलेले असेल तेवढेच भरावे. पिन बसवून, हवा भरून गाडी लगेच थोडी फिरवून आणावी. काही काळाने द्रव सुकतो, तेव्हा भरल्याची तारीख लिहून ठेवावी.

खरा धोका वेगळाच आहे. पंक्चर झाल्याचे कळतच नाही आणि खिळा आत तसाच राहतो! म्हणून आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी आणि चाक फिरवून नजर टाकावी. खिळा दिसला तर रस्त्यातच उपटू नये. पंक्चरवाल्याला आत सीलंट असल्याचे आधी सांगावे, म्हणजे तो जागा पुसून मगच ठिगळ लावील. आणि टायरची नक्षी झिजली असेल, तर पावसात घसरणारी गाडी कोणताही द्रव सावरू शकत नाही.

सीलंट आडवेळी घरापर्यंत पोहोचवते, एवढे खरे. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडे जायचे काम मात्र आपलेच.