तुरीचा मर रोग व मुळांतील लढा

अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णाकाठच्या काळ्या वावरांकडे जाणाऱ्या कास्तकारास तुरीचा मर रोग नवीन नाही. पीक फुलोऱ्यावर अथवा शेंगांवर आले असता उभे झाड पिवळे पडते, माना टाकते व वाळून जाते. ओलीत करूनही ते सावरत नाही. अशा झाडाचे खोड बुंध्याशी उभे चिरल्यास आत काळसर तपकिरी रेषा दिसतात. मुळावाटे शिरलेल्या फ्युजेरियम उडम या बुरशीने पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद केल्याची ती खूण होय. एडविन बटलर या शास्त्रज्ञाने १९०६ साली या रोगाचे वर्णन केले.

झाड वाळलेले दिसते त्याच्या कितीतरी आधी मुळांत लढा होऊन गेलेला असतो. वनस्पतीच्या अंगी रक्त नाही व रोगाशी झुंजण्यास फिरत्या पेशीही नाहीत. प्रत्येक पेशीस आपले रक्षण आपणच करावे लागते. त्यासाठी प्रथम शत्रू ओळखता आला पाहिजे.

बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा पदार्थ असतो. खेकड्याच्या कवचातही तोच असतो. वनस्पतीत मात्र तो नसतो. मुळाच्या पेशी एक पाचक द्रव्य सोडून या भित्तिकेचे बारीक तुकडे करतात. पेशीच्या आवरणावरील विशिष्ट प्रथिने ते तुकडे धरतात व परका आल्याची वर्दी आत पोचवितात. भाताच्या पेशीवरील असे प्रथिन जपानी संशोधकांनी २००६ साली शोधून काढले.

वर्दी पोचताच काही मिनिटांत कॅल्शियम पेशीत शिरते व हायड्रोजन पेरॉक्साइडासारखी दाहक द्रव्ये तयार होतात. पुढे पेशीभित्तिकेवर जाड थर चढतो आणि बुरशीस मारक द्रव्ये साठू लागतात. तुरीतील अशा एका द्रव्यास कॅजॅनॉल म्हणतात. रोगास बळी पडणाऱ्या वाणातही ही शक्ती अगदीच नसते असे नाही. परंतु प्रतिकारक वाणात मारक द्रव्ये लवकर व अधिक साठतात. उशीर झाला की बुरशी नलिकांत पोचते. शिवाय काही बुरशी आपले कायटिन झाकून पेशीस फसवितात. टोमॅटोच्या पानांवरील एका बुरशीत हे सिद्ध झाले आहे.

यावरून कास्तकार बंधूंनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. झाड सुकल्यावर केलेला खर्च बहुधा वाया जातो. उपाय पेरणीपूर्वीच योजला पाहिजे.

१. आशा अथवा बीएसएमआर ७३६ यांसारखे मर रोगास प्रतिकारक वाण निवडावे.

२. बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावे. ही उपकारक बुरशी रोगकारक बुरशीची भित्तिका पोखरते व मुळांच्या पेशींना आधीच सावध करते.

३. ही बुरशी धसकटांच्या आश्रयाने जमिनीत सुमारे तीन वर्षे टिकते. म्हणून रोगट झाडे मुळासकट उपटून जाळावी व त्या वावरात लागोपाठ तूर घेऊ नये.

४. ज्वारीचा फेरपालट अथवा ज्वारीत तुरीचे आंतरपीक घ्यावे. त्याने मर कमी होते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून आपल्या जमिनीस योग्य अशा वाणाची माहिती घ्यावी. लढा झाडच देते. त्यास वेळेवर सज्ज करणे कास्तकाराच्या हाती आहे.