छोट्या रेल्वेचं सामान कसं ठेवायचं? ग्रुपचे ८ नियम, जे तुमच्या गोडाऊनलाही लागू पडतात



मागच्या व्हिडिओत मी दुकानाच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट दाखवलं होतं. त्यात मॉडेल रेल्वेचं सामान बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हे काय नवीन?" नवीन काही नाही. माझं खेळणी आणि स्टेशनरीचं दुकान, त्यातून हा नाद लागला. आम्ही सातजण आहोत. दर दुसऱ्या रविवारी दुकान बंद झाल्यावर टेबलं जोडतो, रूळ मांडतो आणि दोन तास गाड्या चालवतो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण गमतीनं म्हणतो ना? या छंदात तर जर्मनीच मोठी. तिथल्या मार्कलिन कंपनीनं १८९१ साली ठरावीक मापाचे रूळ बाजारात आणले आणि खेळण्यातल्या रेल्वेला शिस्त आली.

पण आज विषय गाड्यांचा नाही, त्या ठेवायच्या कशा याचा आहे. कारण या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती मला पैशापेक्षा महाग पडली.

काय झालं होतं?

आमच्यात एक काका आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची बरीच नोकरी पूर्णा जंक्शनला झाली. आपली ही लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, त्याआधी इथं मीटरगेज गाड्या धावायच्या. तरुण पोरांना ते माहीतही नाही. काकांनी त्या मीटरगेज गाडीचे चार डबे स्वतः बनवले होते. पॉलिस्टायरीनची पातळ शीट कापून, खिडक्या कोरून, हातानं रंगवून. एकेक डबा वीतभर लांब. एका डब्याला दोन-अडीच महिने लागायचे.

पावसाळ्यात आम्ही तीन महिने सुट्टी घेतली. काका म्हणाले, "माझ्या घरी लेकरं आहेत, डबे तुझ्या कपाटात राहू दे." मी ठेवले. झुरळं आणि उंदीर नकोत म्हणून प्रत्येक डब्यात दोन-दोन डांबर गोळ्या टाकल्या. झाकणं घट्ट लावली. मला वाटलं, केवढी काळजी घेतली आपण!

दिवाळीच्या आधी कपाट उघडलं. चारपैकी तीन डबे चिकट झालेले. छत बसलेलं, खिडक्यांचे कोपरे वितळल्यासारखे, रंग कागदाला चिकटलेला.

कारण साधं आहे. डांबर गोळी हळूहळू हवेत उडते. तिची वाफ बंद डब्यात कोंडते आणि पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकमध्ये शिरून त्याला मऊ करते. सुती साडीला काही होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं गोळी सगळीकडे चालते. नाही चालत.

काका काही बोलले नाहीत. "जाऊ दे, वस्तूच आहे," एवढंच म्हणाले. पण पुढच्या तीन बैठकांना आले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तेव्हा बसून आम्ही हे नियम केले.

नियम १: आधी मालक ठरवा, मग कपाट

ग्रुपच्या सामानाचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम काय? ते सगळ्यांचं असतं, म्हणून कुणाचंच नसतं. गणेश मंडळाचं बघा. विसर्जन झालं की लाइटिंगच्या माळा कुणाच्या तरी घरी जातात आणि पुढच्या वर्षी निम्म्या पेटत नाहीत. विचारायचं कुणाला?

आम्ही तीन रंगांचे स्टिकर केले. हिरवा म्हणजे वर्गणीतून घेतलेलं, पिवळा म्हणजे एका सभासदाचं, लाल म्हणजे बाहेरून उसनं आणलेलं. स्टिकर खोक्यावर लावायचा, इंजिनावर नाही. त्याचा गोंद उन्हाळ्यात रंग उचलतो. इंजिनावर खूण करायचीच असेल तर खालच्या बाजूला, बारीक पेननं.

तुमचा ग्रुप रजिस्टर्ड संस्था असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. संस्थेच्या पैशातून घेतलेली वस्तू संस्थेची असते, ती अध्यक्षांच्या घरी ठेवली म्हणून अध्यक्षांची होत नाही.

नियम २: डेड स्टॉक रजिस्टर ठेवा

शाळेत, ऑफिसात जडवस्तू संग्रह नोंदवही असते ना, तीच. पन्नास-साठ रुपयांची वही पुरते. रकाने असे: अनुक्रमांक, वस्तू, मालक, आली तारीख, किंमत, आलेल्या वेळची स्थिती, कुठल्या कप्प्यात, शेरा.

"स्थिती" हा रकाना लोक सोडून देतात, आणि नंतरचं सगळं भांडण तिथूनच निघतं. "बफर आधीच तुटलं होतं" की "तुमच्याकडे तुटलं"? मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. तारीख आपोआप पडते.

मॉडेल रेल्वेत मापही लिहायला लागतं. जगात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, खऱ्याच्या ८७ पट लहान. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. एन स्केल १६० पट लहान, रूळ ९ मिलिमीटरचा. मीटरगेजला ८७ नं भागलं की साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणून काकांचे डबे १२ मिलिमीटरच्या रुळावर चालतात. माप न लिहिता सगळे रूळ एका पोत्यात भरले, तर रविवारचा पहिला तास निवडण्यातच जातो.

नियम ३: माळा नको, जमीन नको, बाहेरची भिंत नको

परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहून कितीतरी जास्त तापतो. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या बऱ्याच वस्तू पीएलए प्लास्टिकच्या असतात. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं. आमचं प्रिंट केलेलं स्टेशन उन्हात उभ्या कारमध्ये दुपारभर राहिलं आणि त्याचा प्लॅटफॉर्म केळीसारखा वाकला.

जमिनीवर ठेवलं तर पावसाळ्यात ओल चढते. बाहेरच्या भिंतीला टेकवलं तर तिथूनही ओल येते. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खाली लाकडी पट्ट्या, आणि नाजूक सामान मधल्या दोन कप्प्यांत. वरचा कप्पा रिकामी खोकी ठेवायला.

नियम ४: खोक्याच्या आत काय आहे ते बघा

- डांबर गोळ्या पूर्ण बंद. उंदरासाठी घट्ट झाकणाचे डबे, आणि त्या खोलीत चिवडा-बिस्किटं नाहीत.
- स्वस्तातला पिवळसर स्पंज अंगाला लागू देऊ नका. काही वर्षांत तो चुरा होतो किंवा चिकट होतो आणि रंगाला धरतो. आधी पांढरा टिश्यू पेपर, मग बाहेरून स्पंज. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.
- सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारे दाणे मिळतात, रंग बदलला की पुडी बदला.
- इंजिन ठेवण्याआधी चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. काही इंजिनांच्या चाकांवर पकडीसाठी रबरी कडी असते, तिला तेल लागू देऊ नका.

नियम ५: सेल काढा, थिनर वेगळं ठेवा

रिमोटमध्ये, आवाजाच्या सर्किटमध्ये सेल तसाच राहतो. साधा अल्कलाइन सेल फुटला की आतलं क्षार बाहेर येतं आणि पितळी पट्ट्या खातं. पांढरी बुरशी दिसली तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यानं थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि कोरडं करा. पण मुळात सेल काढूनच ठेवा. लिथियमची चार्ज होणारी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, साधारण निम्मी ठेवा.

रंग, थिनर, स्पिरिट हे वेगळ्या पत्र्याच्या पेटीत, बॅटरीपासून लांब. माझं तर कागदाचं दुकान आहे, एक ठिणगी पुरेल.

नियम ६: बोर्ड उभे, वायर सैल

लेआउटचे लाकडी बोर्ड एकावर एक आडवे टाकले की खालच्याची झाडं, सिग्नल सगळं चपटं. दोन बोर्ड तोंडाला तोंड करून, दोन्ही टोकांना फळी लावून मध्ये अंतर सोडायचं आणि जोडी उभी करायची. धूळही कमी बसते, जागाही वाचते. लांब वाकणारे रूळ मात्र सपाट ठेवा. कंट्रोलरची वायर त्याच्याच भोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा.

हलवण्यात काय जातं हे समजायचं असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. त्यांनी आधी लेआउट मांडून प्रदर्शनं भरवली. १ एप्रिल १९९८ ला कायमच्या जागेत म्युझियम सुरू झालं. एका माणसाचा छंद होता, आज शाळेच्या सहली तिथं जातात. आपल्याकडे कायमची जागा नाही, म्हणजे दर वेळी मांडायचं आणि दर वेळी आवरायचं. ज्याला जागा नाही त्याला नियम जास्त कडक लागतात.

नियम ७: नेणारा सही करेल, घेणारा तपासेल

वस्तू घरी नेली तर वहीत तारीख आणि सही. परत आली की *दुसऱ्या* माणसानं तपासून सही करायची. माझ्या दुकानात आहे म्हणून मलाही सूट नाही. कपाटाला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक खजिनदाराकडे. बैठकीची शेवटची पंधरा मिनिटं फक्त आवरायची. चहा त्यानंतर.

नियम ८: वर्षातून दोनदा मोजणी

एकदा मृग लागायच्या आधी आणि एकदा खंडेनवमीला. खंडेनवमीला आपण हत्यारं, वजनकाटे पुसतोच, त्याच दिवशी कपाट रिकामं करायचं आणि वहीशी जुळवायचं. नुसते आकडे जुळवू नका. प्रत्येक झाकण उघडून बघा. मी पावसाळ्यात एकदा जरी उघडून बघितलं असतं, तर कदाचित दोन डबे तरी वाचले असते.

आणि नुकसान झालं तर?

हे आधी ठरवा, कागदावर. आमचं असं आहे: ग्रुपच्या ताब्यात असताना सभासदाची वस्तू खराब झाली तर दुरुस्ती वर्गणीतून. कुणी नियम मोडून खराब केली तर त्याच्याकडून. आणि हातानं बनवलेल्या वस्तूची किंमत मालकानं आधीच वहीत लिहायची, ग्रुपला ती मान्य नसेल तर वस्तू ठेवून घ्यायचीच नाही. नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

तुमच्या दुकानात हे कसं लावायचं?

बीबीएला आम्हाला जपानी फाइव्ह-एस शिकवलं होतं: निवडा, जागा लावा, स्वच्छ करा, पद्धत ठरवा, शिस्त टिकवा. पेपरात मी ते लिहून मार्क घेतले. कळलं मात्र त्या तीन डब्यांमुळे.

तुमच्या गोडाऊनकडे बघा. कन्साइनमेंटवर आलेला माल आणि तुमचा माल एकाच रॅकवर आहे का? दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या मिक्सरवर त्याचं नाव आहे का? "काळजी घेतो" म्हणून तुम्ही जे करता, ते त्या मालाला खरंच चालतं का, हे कुणाला विचारलंय का? चांगल्या मनानं केलेलं नुकसान हे नुकसानच असतं. बॅलन्स शीटला मन दिसत नाही.

काकांचं काय झालं?

नियमांची वही घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. पैसे घेणार नाहीत हे माहीत होतं, तरी पाकीट नेलं होतं. त्यांनी ते परत केलं, चष्मा लावला आणि वही पूर्ण वाचली. मग म्हणाले, "खराब डबे फेकले नाहीस ना?"

नव्हते फेकले.

"मग त्यातला एक नोंदीवर घे."

आता आमच्या रजिस्टरला अनुक्रमांक १ वर तो डबा आहे. मालकाच्या रकान्यात काकांचं नाव, स्थिती "खराब", शेऱ्यात "डांबर गोळ्या", आणि पुढे माझी सही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दाखवतो. दुसरा डबा सध्या आम्ही दोघं मिळून परत बांधतोय. काका आखून देतात, मी कापतो. खिडक्या अजून सरळ येत नाहीत.

या आठवड्याचं काम: तुमच्या दुकानातलं किंवा मंडळातलं एकच कपाट निवडा. सगळं बाहेर काढा, वस्तू कुणाची ते लिहा, फोटो काढा आणि मगच आत ठेवा. एक तास लागेल. पुढच्या व्हिडिओत रजिस्टरचे रकाने कसे आखायचे ते वहीवर करून दाखवतो.

भेटू या!