टॉन्सिलची काचपट्टी काय सांगते?

लेखांक ६

शरीरातून काढलेला तुकडा प्रयोगशाळेत कसा पोचतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज टॉन्सिलकडे वळू. घशात डोकावल्यावर सुजलेले टॉन्सिल बहुधा सारखेच दिसतात. त्यामागची कारणं मात्र फार वेगळी असू शकतात आणि त्यांचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो.

काढलेला टॉन्सिल १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात आणि त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी.

निरोगी टॉन्सिलचं अस्तर तोंडातल्या अस्तरासारखंच असतं. ते १० ते ३० ठिकाणी खोल खाचांमध्ये उतरतं. खाचांखाली लिम्फोसाइट पेशींचे गोल पुंजके असतात. त्यांच्या मध्यभागी फिकट दिसणाऱ्या जागेत बी-पेशी वाढतात आणि जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं घडवण्याची तयारी करतात. घसा वारंवार धरला, की हे पुंजके मोठे होतात, खाचा मृत पेशींनी व जंतूंनी भरतात, आजूबाजूला तंतू वाढतात. खाचांत ॲक्टिनोमायसिस जंतूंचे गुंतवळेही सापडतात. भोवतालच्या ऊतकात दाह नसेल, तर ते बहुतेक वेळा नुसते रहिवासी असतात.

क्षयरोगात चित्र बदलतं. पेशींच्या गाठी, मधोमध मृत ऊतक आणि घोड्याच्या नालेसारखी केंद्रकं मांडलेल्या लँगहान्स महापेशी दिसतात. झील-नील्सन रंगात लाल जिवाणू सापडले, तर निदानाला बळकटी येते. लिम्फोमात पुंजक्यांची मूळ रचनाच पुसली जाते. तो नेमका कोणत्या पेशींचा, हे ठरवायला प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या लागतात.

टॉन्सिल कधी कधी रोगाची चाहूल आधीच देतो. काही मुलांचे टॉन्सिल काढले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगावर गोवर उठला. त्या टॉन्सिलमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या आल्ड्रेड वॉर्थिन यांना असंख्य केंद्रकांच्या महापेशी आढळल्या. त्यांनी १९३१ साली हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जर्मन संशोधक फिंकेल्डे यांनीही अशाच पेशींचं वर्णन केलं. आजही त्या पेशी या दोघांच्या नावाने ओळखल्या जातात.

म्हणून माझा आग्रह आहे: मोठ्या माणसाचा एकच टॉन्सिल वाढला असेल, त्यावर व्रण असेल, तो कडक लागत असेल किंवा मानेत गाठ असेल, तर काढलेला टॉन्सिल तपासणीला गेलाच पाहिजे. रिपोर्टात ‘रिॲक्टिव्ह लिम्फॉइड हायपरप्लेजिया’ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. जंतूंशी झुंजताना लिम्फोसाइट वाढले, एवढाच त्याचा अर्थ. तो कर्करोग नव्हे. रिपोर्ट जपून ठेवा. मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे शंका आली तर त्याच ठोकळ्यातून नवे काप घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागता येतं. तो तुमचा हक्क आहे.

पुढील लेखात: थायरॉइडची गाठ.