तान्ह्या पोळ्याचा बैल आणि दिवाळीचा स्वेटर

आज माझ्या हातात क्रोशाचा एक बैल आहे आणि पिशवीत अर्धा स्वेटर. दोन्ही एकाच नातवासाठी. घरचं सगळं सांभाळून ही दोन कामं वेळेत कशी पुरी करायची, एवढंच आज बोलायचं आहे.

बहुतेक जणी म्हणतात, "वेळच मिळत नाही हो." वेळ मिळतो, पण दोन प्रकारचा मिळतो. एक सलग, दुसरा तुटक. कुठलं काम कुठल्या वेळेत बसवायचं, तिथे आपली गल्लत होते.

आपल्या मोहाडी-आंधळगावकडच्या कोष्टी घरांत बघा. मागावर बसायचं तर सलग बैठक लागते. कांड्या भरणं मात्र बाकीची कामं करता करता होतं. हाच हिशेब आपल्या लोकरीला लावायचा.

क्रोशात एक टाका पुरा झाला की मगच पुढचा सुरू होतो. सुईवर बहुतेक वेळा एकच फास असतो. कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, तर तो फास जरा लांब ओढून ठेवा आणि उठा. काही बिघडत नाही. दोन सुयांच्या विणकामात तसं नाही. तिथे ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात. मध्येच उठलो आणि एक टाका घसरला, की तो खाली खाली सुटत जातो. (मग तो वर आणायला क्रोशाचीच सुई कामी येते, ही गंमत वेगळी!) म्हणून खेळणं तुटक वेळेत आणि स्वेटर सलग वेळेत.

क्रोशाच्या अशा भरीव खेळण्यांना जपानी भाषेत अमिगुरुमी म्हणतात. काम गोल फेऱ्यांनी चालतं. पहिल्या फेरीत 6 मुके खांब, दुसरीत 12, तिसरीत 18. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा. बैलाचं डोकं, धड, चार पाय, शिंगं, वशिंड, सगळं सुटं विणायचं आणि शेवटी जोडायचं. म्हणजे एसटीने नागपूरला जाताना एखादा पाय होऊन जातो. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर डोळ्यांना मणी लावू नका, काळ्या दोऱ्याने डोळे भरा. मणी निघाला की थेट तोंडात जातो.

आता तारखांकडे येऊ. ऑनलाइन ऐकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते, आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. अगदी लहानग्याला लाकडी बैल जड होतो, त्याला हा लोकरीचा द्यायचा. तो श्रावणात करायचा. तेव्हा धानाची रोवणी चाललेली असते, सलग वेळ तसाही कुणाला नसतो.

स्वेटरचं गणित मात्र कागदावर करा. समजा, लहान मुलाची पाठ 70 टाक्यांची, 90 ओळींची. झाले 6,300 टाके. पुढचा भाग तेवढाच. बाह्या सरासरी 40 टाके आणि 75 ओळी, म्हणजे दोन्ही मिळून 6,000. एकूण 18,600. मिनिटाला 20 टाके धरले तर 930 मिनिटं. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 31 बैठका झाल्या! आठवड्यात चार बैठका जमल्या, तर जवळजवळ आठ आठवडे. गणेश चतुर्थी ते दिवाळी अंतर साधारण तेवढंच. त्यात गौरी, नवरात्र, घराची साफसफाई. वर शिलाई आणि गळा राहिलाच. म्हणून टाके तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळीच घालायचे. दिवाळीनंतर धानाची कापणी, मळणी लागते, मग हाताला उसंत नसते.

बैलाला उशीर झाला तर तो पुढच्या वर्षी चालतो. स्वेटर चालत नाही, कारण मूल थांबत नाही. थोरल्या नातवाचा स्वेटर मी फेब्रुवारीत पुरा केला आणि पुढच्या थंडीत तो त्याच्या डोक्यातूनच जाईना. तेव्हापासून छातीच्या मापात दोन इंच जास्त धरते आणि दोन्ही कामं हातात असतील तर आधी तारखेचं बघते.

एक शेवटचं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेस करणाऱ्या बायकांवर 1982 साली पुस्तक लिहिलं. त्या लेस परदेशी जात होत्या, तरी त्या बायका नुसत्या गृहिणी आणि त्यांचं काम म्हणजे फावल्या वेळचं, असंच धरलं जाई. आपणही स्वतःला तेच सांगतो ना? "बसल्या बसल्या केलं हो." अहो, 31 बैठका बसल्या बसल्या होत नाहीत. त्या कुणीतरी मोकळ्या करून द्याव्या लागतात. रात्री जेवणानंतरचा अर्धा तास ओटा कोण आवरणार, हे घरात आधी ठरवा. मग टाके घाला.

आता प्रश्न विचारा. तोवर या बैलाचं दुसरं शिंग पुरं करते.