एक संगणक, दोन कार्यप्रणाली

व्यापाऱ्याची खरी मालमत्ता वखारीत दिसते त्याहून अधिक त्याच्या वह्यांत असते. माल आज येतो, उद्या जातो. परंतु कोणाकडे किती येणे आहे व कोणाचे किती देणे आहे हे सांगणारी खतावणीच नाहीशी झाली, तर पेढी मुकी होते. पूर्वी ही खतावणी लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत असे. आता ती गादीशेजारच्या संगणकात असते. तेव्हा संगणकाची निगा हा केवळ तरुण मंडळींचा विषय आहे असे मानून वडीलधाऱ्यांनी अंग काढून घेणे बरे नव्हे, असे आम्हांस वाटते.

सांप्रत या विषयास निकड आली आहे. संगणकाचा सर्व कारभार जिच्यावर चालतो, तिला ऑपरेटिंग सिस्टीम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. आपल्यांपैकी पुष्कळांच्या दुकानी असलेली विंडोज १० ही कार्यप्रणाली २०१५ साली आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. नाव नोंदविणाऱ्यांस वाढीव मुदत देण्याची योजना कंपनीने काढली. पण ती तात्पुरतीच सोय होय. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमच्या पेढीवरील यंत्र २०१७ सालचे, सातव्या पिढीचे. ते ठणठणीत चालते, परंतु या कसोटीस उतरत नाही. बरे, विंडोज सोडूनच द्यावी, तर हिशेबाचे टॅली विंडोजसाठी बनविलेले.

या पेचातून निघण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच यंत्रात दुसरी कार्यप्रणाली शेजारी बसविणे. आम्ही लिनक्स मिंट बसविली. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला; त्यावर आधारलेली मिंट २००६ पासून उपलब्ध आहे. तिला मोल पडत नाही, ४ जीबी मेमरीत ती बरी चालते, आणि सुरक्षा-दुरुस्त्या नियमाने येतात. संगणक सुरू करताच पडद्यावर दोन नावे येतात. हवे ते निवडावे. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. एकीतून दुसरीत जाण्यास यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, हे आधीच ध्यानी असावे.

कामाची वाटणी आम्ही अशी केली. ईमेल, बाजारभाव, बँकेचे व्यवहार, जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल ही इंटरनेटची कामे लिनक्समध्ये. टॅली विंडोजमध्ये, आणि तेथे इंटरनेट केवळ परवान्यासारख्या निकडीच्या कामापुरते. डिजिटल सहीची किल्ली जेथे चालते तेथेच राहू द्यावी. पत्रव्यवहाराचीही अडचण पडली नाही. बेळगावात आपणांस मराठी व कानडी दोन्ही लागतात. इन्स्क्रिप्ट कळफलकात दोन्ही लिपींतील क एकाच कळीवर असतो, आणि तो कळफलक दोन्ही कार्यप्रणालींत मिळतो.

आता खऱ्या महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. आमच्या बाजारातील एका पेढीवर हेच काम एका कारागिराकडून करविले गेले. लिनक्स बसविताना पडद्यावर दोन मार्ग येतात. एक, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा, संपूर्ण डिस्क पुसून बसवा. कारागिराने घाईत दुसरा निवडला. तीन वर्षांची खाती गेली. प्रत होती, ती त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात. तीही त्याबरोबर गेली. पुढे चार महिने ती मंडळी गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन त्यांच्या वह्यांवरून आपले येणे जुळवीत होती. ज्यांनी प्रामाणिकपणे सांगितले त्यांचे वसूल झाले, बाकीचे बुडीत. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जतन करावे लागतात, ते ओझे निराळेच.

म्हणून पहिले काम प्रतीचे. टॅलीच्या दोन प्रती दोन निराळ्या वस्तूंवर घ्याव्यात व त्यांतील एक दुकानाबाहेर, घरी ठेवावी. मग ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून मागील महिन्याची रोजकीर्द व शिल्लक पाहावी. न उघडलेली प्रत ही न तोललेल्या पोत्यासारखी. आत काय आहे ते देव जाणे.

त्यानंतरची कामे क्रमाने करावी. विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरून तिजोरीत ठेवावी. नाहीतर पुढे विंडोज ती मागेल व आपण पाहत राहू. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे; ते चालू असता विंडोज पुरती मिटत नाही, आणि अशा अर्धवट मिटलेल्या कप्प्यात दुसरीकडून लिहिले गेल्यास माहिती बिघडते. डिस्कमधील जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करून रिकामी ठेवावी. लिनक्स मिंटला निदान २० जीबी लागतात. १०० जीबी दिल्यास निश्चिंती. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरून यंत्र त्यावरून सुरू करावे, आणि काही न बसविता प्रथम तशीच चालवून पाहावी. छपाईयंत्र चालते काय, इंटरनेट लागते काय, हे पाहिल्यावरच पुढे जावे. ‘शेजारी बसवा’ हा पर्याय निवडताना घरच्या जबाबदार माणसाने स्वतः पडदा वाचावा.

बसविल्यावर घड्याळ तपासावे. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे मानते. लिनक्स बहुधा जागतिक वेळेचे. त्यामुळे विंडोजमध्ये कधी कधी साडेपाच तासांची पिछाडी दिसते. पहाटे पाच वाजता गाडी उतरवून बिल केले, तर त्यावर आदल्या दिवसाची तारीख पडावयाची! लिनक्समध्ये घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची एक आज्ञा दिली की हा घोळ मिटतो. तसेच लिनक्सला विंडोजचा कप्पा वाचता येतो, पण विंडोजला लिनक्सचा कप्पा आपणहून वाचता येत नाही. दोहोंकडे लागणारे कागद पेनड्राइव्हवरून न्यावेत, आणि लिनक्समधून विंडोजच्या कप्प्यास हात लावू नये. पुढे कधी लिनक्स नकोशी झाल्यास तिचा कप्पा एकदम पुसू नये. आधी यंत्राच्या सेटिंगमध्ये विंडोजला पहिला मान द्यावा, नाहीतर निवडीचा पडदाच अडून बसतो.

हा मार्ग सर्वांना मानवेल असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे यंत्र विंडोज ११ च्या कसोटीस उतरते, त्यांनी तीच घ्यावी. ज्यांच्या गादीवर दिवसभर टॅलीच चालू असते व मध्येच यंत्र बंद करणे परवडत नाही, त्यांनी इंटरनेटसाठी दुसरे यंत्र ठेवावे. दुरुस्ती थांबलेली विंडोज दुसरी कार्यप्रणाली शेजारी आल्याने सुरक्षित होत नाही. तिचा बाहेरच्या जगाशी संबंध कमी होतो, इतकेच.

आणि एक गोष्ट मुलाबाळांना व मुनीमजींना समजावून सांगावी. दोन कार्यप्रणाली म्हणजे हिशेबाच्या दोन प्रती नव्हेत. एका वखारीत भिंत घालून दोन कोठ्या केल्या, तरी छप्पर एकच राहते. ते कोसळले की दोन्ही कोठ्यांतील माल भिजतो. डिस्क एक आहे तोवर तिच्या मरणाबरोबर दोन्ही कार्यप्रणाली जातील. दुसरी वखार हवी असेल तर ती दुसऱ्या जागीच बांधावी लागते. दर शनिवारी दुकान बंद करण्यापूर्वी एक प्रत घरी नेण्याचा परिपाठ ज्या पेढीवर असेल, तिने एक कार्यप्रणाली ठेवावी की दोन, हा मग केवळ सोयीचा प्रश्न उरतो.