साधी गाठ, नाजूक शेजार

नरकचतुर्दशीची पहाट. पाटावर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या पायाला आई तेल लावीत आहे. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या मागच्या अंगाला, तिच्या बोटांना काहीतरी टणक लागते. "दुखतं का रे?" "नाही ग आई, केव्हाचंच आहे ते." आजी आतून सांगते, "खेळताना आपटला असेल. चोळ चांगलं, बसेल."

बहुतेक घरांत ही गोष्ट येथेच संपते, आणि बहुधा काही बिघडतही नाही. हे आधीच सांगतो, कारण ऐन सणात कोणाला घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. वाढत्या वयात हाडाला फुटणाऱ्या या कोंभाला डॉक्टर 'ऑस्टिओकॉन्ड्रोमा' म्हणतात. आत हाड आणि माथ्यावर कूर्चेची गुळगुळीत टोपी, अशी त्याची घडण. हाडाच्या निरुपद्रवी गाठींत हीच सर्वांत अधिक आढळते. लांब हाडांची वाढ जेथे होते तेथे ती उगवते, म्हणून गुडघ्याच्या आसपास ती विशेष दिसते. मुलाची उंची वाढायची थांबली, की बहुधा तीही थांबते. एकेकट्या गाठीचे पुढे कर्करोगात रूपांतर होणे फार विरळा.

मग काळजी कसली? काळजी गाठीची नव्हे, तिच्या शेजाराची! गुडघ्याच्या मागच्या खोलगट जागेतून पावलापर्यंत रक्त नेणारी मुख्य रोहिणी जाते. ती वर मांडीच्या स्नायूच्या फटीत आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीत जखडलेली असते. अडथळा आला म्हणून बाजूला सरकणे तिला जमत नाही. त्यातच वाढ पुरी होताना गाठीवरची कूर्चेची टोपी विरत जाते आणि खालचे हाड टोकदार होऊन उघडे पडते. रहाट नसलेल्या विहिरीवर दोर काठाच्या दगडाला घासून झिजावा, तशी प्रत्येक पावलागणिक रोहिणीची भिंत झिजते. एके दिवशी तिला भोक पडते.

बाहेर आलेले रक्त तेथेच साठून नाडीबरोबर उडणारी एक पिशवी तयार होते. कोलंबोचे शल्यविशारद मिलरॉय पॉल यांनी १९५३ साली असा एक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला होता. पुढे इतर देशांतूनही अशा हकीकती आल्या. त्यांतले पुष्कळ रुग्ण विशीच्या आसपासचे तरुण होते.

आता समजा, आपला तो मुलगा अठरा वर्षांचा झाला आहे. कबड्डी खेळून लंगडत घरी येतो. गुडघ्यामागे सूज आहे, ठणका आहे. पुन्हा तेलाची बाटली निघते. येथे मात्र थांबा! चोळू नका, शेकू नका. गळू समजून कोणी चीर देऊ लागले, तर लहानपणापासूनच्या गाठीची हकीकत आधी सांगा. त्या पिशवीत पू नाही, वाहते रक्त आहे. कधी रक्ताची गुठळी रोहिणीत अडकते. पाऊल गार, पांढरे किंवा बधिर पडले, तर सकाळची वाट पाहू नका. रक्त पूर्ण तुटले तर सुमारे सहा तासांत स्नायूंची कायमची हानी होऊ लागते. मग पाय वाचवणेही अवघड होते.

वेळेवर गेल्यास उपाय चांगला आहे. क्ष-किरणाच्या चित्रात गाठ दिसते, सोनोग्राफीने किंवा सीटी स्कॅनने रोहिणीची स्थिती कळते. शल्यविशारद टोकदार हाड काढून टाकतात आणि रोहिणीचे भोक शिवतात. भोक मोठे असेल तर रुग्णाच्याच पायातल्या नीलेचा तुकडा तेथे जोडतात.

सर्वच गाठी काढाव्या लागत नाहीत. पण गुडघ्यामागची गाठ एकदा अस्थितज्ज्ञांना दाखवून ठेवावी. वाढ थांबल्यावरही ती मोठी होऊ लागली, दुखू लागली किंवा उडू लागली, तर विलंब नको. अंगावर अशा अनेक गाठी असतील, तर भावंडांनाही तपासून घ्यावे, कारण तो प्रकार घराण्यातून येऊ शकतो.

तेव्हा यंदाच्या अभ्यंगस्नानाला मुलांच्या पायांवरून हात फिरवताना तो गुडघ्यामागे क्षणभर थांबू द्या. काही टणक लागलेच तर जोर लावून चोळू नका. दिवाळी आनंदाने करा आणि सुटी संपण्यापूर्वी डॉक्टरांकडे एक फेरी मारून या.